क्लास असताना मॉड्यूल वेगळं कशाला?

तुम्ही छोटी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा बनवताय आणि विचारताय की क्लासमध्ये प्रायव्हेट-पब्लिक असताना मॉड्यूल (संबंधित कोड एकत्र ठेवणारा आणि त्यातली कोणती नावं बाहेर दिसावीत ते ठरवणारा गट) हे आणखी एक लचांड कशाला. माझं मत: घ्याच. आणि आतलं-बाहेरचं ठरवायचं काम क्लासकडून काढून मॉड्यूलकडे द्या.

क्लासच्या गळ्यात आपण दोन कामं बांधलेली असतात. एक टाइपचं: या व्हॅल्यूला कोणती फील्ड, कोणत्या मेथड, ती कुणाच्या जागी चालते. दुसरं भिंतीचं: कोणतं नाव कुणाला दिसावं. आयफेल या भाषेने ही दोन्ही कामं विचारपूर्वक एकत्र ठेवली, जावानेही बरंचसं तेच केलं. एकाच टाइपपुरतं हे छान चालतं.

आता लिंक्ड लिस्ट घ्या, म्हणजे पुढच्याचा पत्ता धरून ठेवणाऱ्या नोडची साखळी. लिस्ट, नोड आणि साखळीवरून एकेक पाऊल पुढे सरकणारा इटरेटर असे तीन टाइप, पण गुपित तिघांचं मिळून एकच. इटरेटरला नोडचं ‘नेक्स्ट’ फील्ड हवं, बाहेरच्या कुणाला ते दिसता कामा नये. भिंत क्लासभोवती असेल तर काय कराल? गेटर (फील्ड वाचून देणारी मेथड) पब्लिक केला की गुपित संपलं. सी प्लस प्लसमध्ये फ्रेंड लिहा, म्हणजे ठरावीक परक्या क्लासला आत यायची परवानगी द्या. जावात नोडला लिस्टच्या पोटात घाला. या पोटातल्या क्लासची गंमत अशी, की जेव्हीएमला (जावाचा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेला) तो ओळखूच यायचा नाही. त्याच्या लेखी ते दोन परके क्लास. म्हणून कंपायलर एकमेकांची प्रायव्हेट फील्ड वाचायला गुपचूप जास्तीच्या मेथड घुसडायचा. जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, जेव्हीएमलाच हे नातं शिकवलं तेव्हा ते थांबलं. रस्ट किंवा गो या भाषांमध्ये हा प्रश्नच उभा राहत नाही. तिन्ही टाइप एका मॉड्यूलमध्ये किंवा पॅकेजमध्ये ठेवा, काम झालं.

तसं पाहिलं तर जावाचं प्रायव्हेट हेही ऑब्जेक्टभोवतीचं कुंपण नाहीच. दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते सांगणारी ‘इक्वल्स’ मेथड लिहिताना समोरच्या ऑब्जेक्टची प्रायव्हेट फील्ड तुम्ही बिनदिक्कत वाचता, कारण क्लास एकच. स्मॉलटॉक भाषेत हे जमत नाही, तिथे दुसऱ्याच्या इन्स्टन्स व्हेरिएबलना (म्हणजे फील्डना) थेट हात लावता येत नाही. म्हणजे जावाचा क्लास इथे मॉड्यूलचंच काम करतोय, फक्त एका टाइपपुरतं.

दुसरा त्रास इनहेरिटन्सचा. मॉड्यूल नसलं की नुसती नावं हवी असली तरी लोक वारसा घेतात. जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत ‘जेलेबल’ हा लेबलचा क्लास ‘स्विंगकॉन्स्टंट्स’ नावाचा इंटरफेस इम्प्लिमेंट करतो, त्यात काय तर डावं, उजवं, मध्य असे स्थिरांक. टाइपच्या भाषेत याचा अर्थ, प्रत्येक लेबल हे ‘स्विंगकॉन्स्टंट्स’ आहे. याला काय अर्थ आहे? जावा ५ मध्ये वारसा न घेता दुसऱ्या क्लासचे स्थिरांक नुसत्या नावाने वापरू देणारा स्टॅटिक इम्पोर्ट आला तो मुख्यतः ही सवय मोडायला.

किंमतही आहे. ‘प्रोटेक्टेड’ला (वारसा घेणाऱ्यांनाच दिसणाऱ्या नावांना) मग नीटशी जागा उरत नाही. ओबेरॉन-२ या भाषेत दुसऱ्या मॉड्यूलमधून टाइप वाढवलात तर एक्स्पोर्ट केलेलीच फील्ड दिसतात, सबटाइप म्हणून खास सवलत नाही. मला ते बरंच वाटतं, पण वारशावर उभ्या लायब्ररी लिहिणारे कुरकुर करतील. शिवाय मॉड्यूल फुगत गेलं की आत सगळ्यांना सगळं दिसतं आणि भिंत नावापुरती उरते. मॉड्यूलच्या आत मॉड्यूल ठेवायची सोय म्हणून सुरुवातीपासूनच ठेवा.

कंपायलर लिहिताना एक नियम मात्र लगेच ठरवून टाका: इम्पोर्ट गोल फिरता कामा नयेत. टाइप एकमेकांकडे बोट दाखवणारच, खातं ग्राहकाकडे आणि ग्राहक खात्याकडे. क्लास हेच मॉड्यूल असेल तर हे चक्र टाळता येत नाही. वेगळं मॉड्यूल असेल तर असे टाइप एकत्र बसवा आणि मॉड्यूलमधली चक्रं सरळ नाकारा. गो हेच करते. मग एकेक मॉड्यूल ओळीने, ज्यावर अवलंबून ते आधी, असं कंपाइल करता येतं.