पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन बायकोबरोबर करायची आहे. शर्यतभर एकत्र राहता येईल का? नाशिकमध्ये तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की बायको सायकल तुमच्यापेक्षा जोरात चालवते, तुम्हाला पोहायला जेमतेम येतं, आणि तरी शर्यतभर तुम्हाला तिच्या सोबत राहायचंय. पहिल्या दोन गोष्टींचं काहीतरी करता येईल. तिसरी आजच सोडून द्या.

मी आणि माझ्या नवऱ्याने पहिली स्प्रिंट एकाच दिवशी केली. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. एकत्र केली असं मात्र म्हणवत नाही, कारण आमची सुरुवातच वेगळी झाली. बऱ्याच ठिकाणी पुरुषांची आणि बायकांची वेव्ह, म्हणजे एकदम पाण्यात सोडायचा गट, काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. पुढे सायकलवर बहुतेक हौशी स्पर्धांत ड्राफ्टिंगला बंदी असते. दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चिकटून जायचं नाही, स्पर्धेनुसार साधारण १० ते १२ मीटर अंतर ठेवायचं, आणि ओलांडायचं तर रेंगाळत नाही, ठरलेल्या वेळात ओलांडून पुढे निघायचं. शेजारी शेजारी गप्पा मारत चाललात तर मार्शल हटकणारच. ‘अहो, ही माझी बायको आहे’ हे त्याला सांगून उपयोग नाही.

हातात हात घालून फिनिश लाइन ओलांडायचा बेतही मनात असेलच (आमचा होता, फोटोसाठी). त्याचीही एक गोष्ट ऐका. २०१९ मध्ये टोकियोला ऑलिंपिकच्या आधीची चाचणी स्पर्धा झाली. जेसिका लर्मन्थ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोन ब्रिटिश मुली सगळ्यांच्या पुढे होत्या. दोघींनी हात धरून रेषा ओलांडली आणि दोघीही बाद झाल्या. वेगळं होण्याचा प्रयत्नच न करता ठरवून बरोबरी साधायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पहिला नंबर त्यांच्या मागून आलेल्या फ्लोरा डफीला मिळाला. आपल्यासारख्या हौशी लोकांना कोणी एवढ्या कडकपणे बघत नाही, पण आदल्या दिवशीच्या ब्रीफिंगला विचारून घ्या आणि मग फोटोचं ठरवा.

एकमेकांना मदत किती करायची, हे मात्र नवरा-बायकोंनी आधी नीट बोलून घेतलं पाहिजे. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम इथे बऱ्यापैकी माणुसकीचे आहेत. स्पर्धक एकमेकांना पाणी, खाणं, पंप, ट्यूब, पंक्चरचं सामान देऊ शकतात. चाक, हेल्मेट किंवा अख्खी सायकल द्यायची नाही, म्हणजे ज्यामुळे देणाऱ्याचीच शर्यत संपेल असं काही नाही. दमलेल्याला धरून पुढे नेणंही बंद आहे. २०१६ मध्ये मेक्सिकोत कोझुमेलला अ‍ॅलिस्टर ब्राउनली या ब्रिटिश ट्रायथलीटने उन्हाने भेलकांडणाऱ्या धाकट्या भावाला, जॉनीला, खांद्याचा आधार देऊन रेषेपर्यंत नेलं होतं. तेव्हा ते नियमात बसत होतं. त्यानंतर नियम बदलला. आमच्या घरी ही चर्चा जेवणाच्या टेबलावर झाली आणि तह असा झाला: पंक्चर झालं तर ट्यूब मिळेल, सहानुभूती फिनिशनंतर.

आता पोहणं. तुमचा खरा प्रश्न हाच आहे. माझा नवरा निफाड तालुक्यातला. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला. सूर मारायचा, मुटका मारायचा, पाण्यात तासभर दंगा करायचा यात कोणाला ऐकणारा नाही. पण विहिरीत शिकलेल्या माणसाची मान कायम पाण्याबाहेर असते. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग माणूस पुढे जाण्याऐवजी पाण्यावर चढत राहतो. दहा-बारा हात मारले की धाप. तो म्हणायचा, ‘दम कमी पडतोय.’ दम भरपूर होता, गावाकडचा आहे तो. श्वास बाहेर सोडला जात नव्हता. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून बुडबुडे काढत श्वास पूर्ण सोडायचा, म्हणजे मान वळवली की फक्त आत घ्यायचं काम उरतं. नजर समोर नको, तळाकडे. श्वासासाठी डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर कुशीला वळवायचं. एवढं जमलं की निम्मं काम झालं. त्याला हे जमायला पावसाळा पूर्ण गेला, तुम्हालाही लागू द्या.

आणि हे बायकोकडून शिकू नका. मी चांगली पोहते, तरी मी त्याला शिकवलं नाही. नवऱ्याने बायकोला कार शिकवायला घेतल्यावर काय होतं हे प्रत्येक घराला माहीत आहे, टँकमध्ये तेच उलट्या बाजूने होतं. कोच लावा. तसंही बऱ्याच टँकवर महिलांची बॅच वेगळी असते, त्यामुळे एकत्र पोहण्याचा प्रश्न फारसा येत नाही. नाशिकमध्ये महापालिकेचे टँक आहेत, त्र्यंबक रोडवरचा सावरकर तरणतलाव सगळ्यांना माहीत असलेला. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या बॅचला पाणी असं गार असतं की पहिल्या लांबीला शब्द फुटत नाही. म्हणून शिकायला उन्हाळा किंवा पावसाळा बरा.

अंतराची भीती घालवायला हिशोब करा. ५० मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे पंधरा लांब्या. आधी एक लांबी न थांबता, न धापता. मग दोन, मग चार. वेग कुणी विचारत नाही. ट्रायथलॉनमध्ये कोणताही स्ट्रोक चालतो, मध्येच ब्रेस्टस्ट्रोकवर या, पाठीवर पडून श्वास घ्या. खुल्या पाण्यात दमलात तर बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) किंवा उभी असलेली बोट धरून थांबताही येतं, फक्त तिला धरून पुढे सरकायचं नाही. हे माहीत असलं की छातीतली धडधड बरीच कमी होते.

स्पर्धा तलावात किंवा धरणात असेल तर टँकमध्येच काही हातांनी एकदा डोळे पाण्याच्या वर काढून समोर बघायचा सराव करा, कारण तिथे तळाला काळी पट्टी नसते आणि माणूस तिरकाच जातो. पण सराव म्हणून गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला दोघंच जाऊन उतरू नका. काठाचा गाळ, पाणवनस्पती, अचानक खोल होणारा तळ, आणि हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. ओळखीचा ग्रुप, सोबत बोट, अंगाला बांधायचा रंगीत फुगा आणि रीतसर परवानगी असेल तरच.

सायकलबद्दल नाशिककरांना मी काय सांगणार. इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून या गावात रविवारी सकाळी घरी झोपून राहणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. तुमच्याकडे गिअरची साधी हायब्रिड असेल तरी चालेल, एमटीबीवरही (जाड टायरच्या माउंटन बाइकवर) पहिली स्प्रिंट लोक करतात. टायरमध्ये हवा पुरेशी असू द्या आणि सीटची उंची दुकानात बसवून घ्या. नव्या सायकलवर लाखभर रुपये पहिल्या शर्यतीनंतरच घालवावेत असं माझं मत आहे, नवऱ्याचं वेगळं आहे.

रस्ता त्र्यंबकचा उत्तम. जाताना हलका चढ, पावसाळ्यात समोरून वारा, येताना दोन्हींची परतफेड. श्रावणातले सोमवार आणि पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेचे दिवस मात्र टाळा, तेव्हा तो रस्ता आपला नसतो. गिरणारेच्या बाजूला गर्दी कमी, पण द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टर आणि त्यांनी सांडलेली माती असते, वळणावर जपून. बायको पुढे जाते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ठरलेल्या टपरीवर भेटायचं ठरवा, तिने तिच्या वेगाने जावं, तुम्ही तुमच्या. तुमच्यासाठी ती वेग कमी करत राहिली तर तिचा सराव बुडतो, आणि तिच्यामागे फाटेस्तोवर दामटलंत तर तुमचा.

सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव, याला ब्रिक म्हणतात, तो आठवड्यातून एकदा हवाच. पहिल्यांदा पाय उसने आणल्यासारखे वाटतात. आम्ही त्र्यंबक रोडवरून परत येऊन सायकली गोल्फ क्लब मैदानाला लावायचो आणि तिथेच ट्रॅकवर दोन फेऱ्या मारायचो. जास्त धावायची गरज नसते. पायांना ती अदलाबदल कळली की झालं.

घराचं गणित कोणत्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतं, आणि दोघं मिळून करताना खरी अडचण तीच येते. मूल असेल तर पहाटे पाचला दोघंही बाहेर असू शकत नाही. आमच्याकडे वार वाटलेले होते: एकाचा टँक असेल त्या दिवशी दुसऱ्याने डबा करायचा, मुलीला स्कूलबसवर सोडायचं. दोघांनी मिळून बाहेर पडायचा दिवस फक्त रविवार, तोही सासूबाईंच्या मेहेरबानीने. ‘दोघंही एकदम वेडे झालेत’ हे त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांना सांगितलं, पण रविवारी कधी नाही म्हणाल्या नाहीत. एक आजारी पडला की दुसऱ्याने अपराधी वाटून सराव बुडवायचा नाही, हेही आधीच ठरवून टाका.

शर्यतीच्या दिवसाचं थोडक्यात. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली टांगलेल्या असतात आणि एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायचं त्या जागेत, तुमची रांग पाण्याच्या बाजूने चालत येऊन आदल्या संध्याकाळी मोजून ठेवा, ओल्या डोळ्यांना सगळ्या सायकली सारख्याच दिसतात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही आणि परत टांगेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, यावर दंड हमखास होतो. बुटात थोडी टाल्कम पावडर टाका. ट्रायसूट (अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) घेतलात तर तिन्हीला तोच चालतो. बायकोने ‘हे घालून लोकांसमोर कसं जायचं’ म्हटलं तर तिला सांगा की ओल्या अंगावर टी-शर्ट चढवण्याची झटापट त्याहून जास्त लोक बघतात. सकाळी दोन तास आधी केळं, ब्रेड-जाम, जे रोज पचतं ते. मिसळ नंतर.

मार्गावर तुम्ही एकमेकांना भेटाल ते यू-टर्नच्या आसपास, समोरासमोर, दोन-तीन सेकंद. मला सायकलच्या वळणाजवळ नवरा दिसला तेव्हा कळलं की तो पाण्यातून नीट बाहेर आला. त्यानंतर मी माझी शर्यत केली. तोवर अर्धं लक्ष मागेच होतं. तुमची बायकोही हेच करणार आहे, म्हणून तुमचं पोहणं पक्कं होणं ही तिच्या शर्यतीचीही गरज आहे.

पहिल्यांदा करणाऱ्यांना साधारण सव्वा ते दोन तास लागतात, कट-ऑफ, म्हणजे पूर्ण करायची कमाल वेळ, आयोजकांच्या पानावर बघून घ्या. तोपर्यंत पोहणं जमलंच नाही तर काही स्पर्धांत रिले असते, एकाने पोहायचं, दुसऱ्याने सायकल, धावायला तिसरा कोणीतरी. पण तो पर्याय शेवटी. टँकची चौकशी मात्र याच आठवड्यात करा. उन्हाळी सुट्टीतली मुलांची शिबिरं सुरू झाली की मोठ्यांच्या बॅचला जागा मिळायला फार मिनतवारी करावी लागते.