वाचकांचे प्रश्न : गाडीच्या आत साचणारे पाणी

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. घरासमोर चढ असल्यामुळे ती नाक वर करून गुलमोहराखाली उभी असते. जूनपासून मागच्या सीटसमोरचे डाव्या बाजूचे कार्पेट सतत ओले राहते. गॅरेजमध्ये त्या बाजूच्या मागच्या दाराचे रबर नवे बसवून घेतले, तरीही पाणी येतेच. पावसात मी एसी लावत नाही. सकाळी काचांवर आतून वाफ धरलेली असते, कुबट वास येतो आणि हल्ली ब्लोअर सुरू केला की खरखर ऐकू येते. पाणी नेमके कोठून येत असावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या पत्रात उत्तराकडे नेणाऱ्या तीन गोष्टी आहेत : चढ, गुलमोहर आणि ब्लोअरची खरखर. पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरले असेल असे गृहीत धरून दाराचे रबर बदलले गेले. गाडीत मात्र शिरलेले पाणी पत्र्यावरून, वायरिंगच्या कडेने आणि कार्पेटखालच्या जाड नमद्यातून उताराच्या दिशेने सरकत जाते. आपली गाडी नाक वर करून उभी असल्याने पुढे शिरलेले पाणी रात्रभरात मागे जाऊन साचणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम पुढच्या डाव्या सीटसमोरचे कार्पेट कडेने उचलून खालचा नमदा हाताने दाबून पाहा. वरचा भाग कोरडा आणि नमदा चिंब असेल, तर मागच्या दाराचा विचार सोडून द्यावा.

हे पाणी पावसाचेच आहे, याची खात्री आधी करून घेऊ. एसीच्या कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी एका छोट्या नळीतून गाडीखाली पडते. ती नळी तुंबली तर तेच पाणी आत सांडते, पण ते केवळ एसी चालवल्यानंतरच. हीटरमधून गळणारे पाणी म्हणजे इंजिनाचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, असते. ते रंगीत, बोटांना चिकट आणि वासाला गोडसर असते, काचेवर तेलकट थर धरते आणि बॉनेटखालच्या टाकीतील पातळी हळूहळू उतरत जाते. आपण एसी लावत नाही. तेव्हा कूलंटची पातळी जागेवर असेल आणि पाणी स्वच्छ, बिनवासाचे असेल, तर ते पावसाचेच मानावे.

आता गुलमोहराकडे वळू. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, काळ्या प्लॅस्टिकची जाळी असते आणि तिच्याखाली पत्र्याची आडवी पन्हळ असते. काचेवरून ओघळणारे सगळे पाणी या पन्हळीत उतरते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडते. आंबा-फणसाची मोठी पाने जाळीवरच अडतात, परंतु गुलमोहराची बारीक पर्णिका आणि गळालेल्या पाकळ्या जाळीतून सहज आत जातात, कुजतात आणि त्यांचा गाळ भोकांशी बसतो. ब्लोअरला हवा पुरवणारे तोंडही बहुतेक गाड्यांत याच पन्हळीत, डाव्या बाजूला उघडते. पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला उंच काठ केलेला असतो, पण भोके तुंबून पन्हळ भरली की पाणी तो काठ ओलांडून ब्लोअरमध्ये आणि तेथून डाव्या सीटसमोरच्या कार्पेटवर पडते. खरखर होते, ती बहुधा पाण्याबरोबर ब्लोअरच्या पंख्यात गेलेल्या पाचोळ्याची. डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे एसीचा फिल्टर असेल, तर तो काढून पाहा. तो ओला आणि काळवंडलेला असेल, तर आपला तपास जवळजवळ संपला.

खात्रीसाठी गाडी सपाट जागी उभी करून पन्हळीच्या डाव्या टोकाला तांब्याभर पाणी सावकाश ओता. ते लगेच चाकामागे पडायला हवे. तसे पडले नाही तर वायपर आणि जाळी काढून गाळ हाताने उचलावा, भोकात लवचिक नळी हलकेच फिरवावी आणि मग स्वच्छ पाणी सोडावे. गाळ ढकलून खाली घालू नये, कारण तो मडगार्डच्या पोकळीत अडकून तेथील पत्रा गंजवतो. काही गाड्यांत भोकाच्या खाली चपटे रबरी तोंड असते. ते चिकटून बंद झाले असेल तर मडगार्डचे अस्तर काढूनच मोकळे करता येते.

पन्हळ मोकळी असूनही पाणी आलेच, तर पुढची तपासणी बागेच्या नळीने करावी. आत कोरडी वर्तमानपत्रे अंथरावी आणि एक माणूस विजेरी घेऊन आत बसवावा. दुसऱ्याने साध्या धारेने खालपासून सुरुवात करावी : आधी दाराचा खालचा भाग, मग दाराची काच, मग पुढच्या काचेची कड आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली की पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच उमगत नाही. सर्व्हिस सेंटरमधील जोराचा फवारा येथे वापरू नये, कारण पाऊस जेथे कधी शिरणार नाही तेथेही तो पाणी घुसवतो.

दाराबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. काचेच्या कडेने दाराच्या पोकळीत पाणी जाणे हा दोष नव्हे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावे अशीच रचना असते. डोअर पॅडमागे, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणामागे, चिकटवलेला प्लॅस्टिकचा पडदा ते पाणी आत येऊ देत नाही. नवे स्पीकर बसवताना हा पडदा बऱ्याचदा फाडला जातो आणि तसाच सोडला जातो. दार हलवताना आत पाणी खळखळले, तर तळाची भोके टोचून मोकळी करा. पडदा फाटला असल्यास नवा पडदा ब्यूटाइलच्या चिकटपट्टीने सलग बसवून घ्या.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : हार्डवेअरच्या दुकानातील सिलिकॉन जागोजागी फासू नका. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधून सुटणारे आम्ल उघड्या पत्र्याला गंजवते आणि त्याच्या थरावर पुढे ना रंग धरत ना दुसरे सीलंट. पुढची काच गळत असेल तर ती काढून काचेसाठीच्या पॉलियुरेथेन सीलंटने पुन्हा बसवणे हाच खरा उपाय आहे.

गळती थांबल्यावर वाळवण्याचे काम कंटाळून अर्धवट सोडू नये. कार्पेट दिवसभरात कोरडे भासते, पण नमदा आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो आणि काचांवरची वाफ, वास, गंज ही सारी त्याचीच देणगी असते. बॅटरीची ऋण तार सोडवा, काही मिनिटे थांबा, मग सीट काढा. एअरबॅग असलेल्या गाडीत ही काळजी अत्यावश्यक आहे. तळाची रबरी बुचे काढून पाणी जाऊ द्या, कार्पेटखाली विटा ठेवून ते उंच करा आणि पंखा लावा, कारण जुलैत आपल्याकडे उन्हाच्या भरवशावर राहता येत नाही. पत्र्यावर तांबेरा दिसल्यास तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावा. स्क्रू-ड्रायव्हर टोचताच पत्र्यातून आरपार गेला, तर मात्र तेथे नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा लागेल. शेवटी बुचे परत बसवायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या जुन्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात, पावसानंतर पाणी सापडते. डिकीचे रबर तर चांगले दिसते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : रबर दिसायला चांगले असले तरी ते दाबून बसते की नाही हे वेगळेच असते. रबरावर खडूची पूड लावून डिकी बंद करा आणि उघडा. समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ जेथे तुटेल तेथे दाब कमी आहे. रेघ सलग उमटली तर मागच्या दिव्यांकडे पाहा. दिव्याच्या पाठीमागची फोमची पट्टी वयाने चपटी होते आणि तेथून झिरपलेले पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने थेट स्टेपनीच्या खड्ड्यात उतरते, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. दिवा काढून पट्टी बदलावी. हे काम तासाभराचे आहे. टपावर अँटेना असेल तर तिच्या बुडाचे रबरही त्याच वेळी पाहून घ्यावे.