दोन ग्राफिक्स कार्डांसाठी पॉवर सप्लाय निवडताना

आधी बेरीज करा. आरटीएक्स ३०९० हे एक कार्ड ३५० वॅटचं, म्हणजे दोनांचे ७००. प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे, डिस्क धरल्या की आकडा हजाराच्या घरात जातो. पण म्हणून हजार वॅटचाच सप्लाय घेऊ नका. ही कार्डं काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या वॅटच्या बऱ्याच वर उसळी घेतात; दोन्हींची उसळी एकदम आली की संगणक फटकन बंद पडतो. माझं मत विचाराल तर १३०० च्या खाली उतरू नका, १६०० असेल तर उत्तमच. एटीएक्स ३.० या मानकाचा सप्लाय अशा उसळ्या झेलायलाच बनवलेला असतो.

केबलच्या बाबतीत मात्र कृपा करून काटकसर नको. आठ पिनच्या एका कनेक्टरची मर्यादा १५० वॅट, त्यामुळे कार्डाच्या प्रत्येक सॉकेटला सप्लायपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. साटाचं (म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या केबलचं) अडॅप्टर लावून तर कार्ड कधीच चालवू नका, ते वितळू शकतं. जुन्या सप्लायच्या मॉड्युलर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या, केबल नव्याला जोडू नका. टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि कार्ड जळू शकतं.

सप्लायवरचा ८० प्लसचा बिल्ला फक्त कार्यक्षमता सांगतो, दर्जा नाही.

बजेट अडत असेल तर दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट, म्हणजे वीज खेचण्याची कमाल मर्यादा, प्रत्येकी २८० वॅटवर आणा, वेग थोडासाच घटतो.