बाष्पक, बाष्पित्र आणि कुकर

विचारणा अशी आहे: बॉयलरला ‘बाष्पक’ म्हणावं की ‘बाष्पित्र’, आणि कुकरला ‘बाष्पपात्र’ चालेल का?

पहिल्याचा निकाल सरकारनेच लावलाय. खात्याचं नाव ‘बाष्पके संचालनालय’, म्हणजे कागदोपत्री बाष्पक. ‘बाष्पित्र’ हा जनित्र (जनरेटर), रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) यांच्या चालीवर पाडलेला. पण पाणिनीचा ‘इत्र’ प्रत्यय धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मुळाला लागतो: खन् (खणणे), खनित्र (कुदळ). बाष्प पडलं नाम, त्यामुळे शब्द कानाला बरा, व्याकरणात लंगडा. शिवाय संस्कृतात बाष्प म्हणजे आसवंही; त्या हिशेबाने खरा बाष्पक म्हणजे कांदा! आपली ‘वाफ’ही या बाष्पाचीच लेक, प्राकृतातल्या ‘बप्फ’वरून आलेली.

भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत मात्र ‘बॉयलर पेटवला’, ‘स्टीम सोडली’ असंच चालतं. साखर कारखान्यांच्या निमंत्रणपत्रिका बघा, ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’: आग संस्कृतात, भांडं इंग्रजीत. (चिकनच्या दुकानातली ‘बॉयलर कोंबडी’ मूळची ब्रॉयलर. तिचा वाफेशी संबंध नाही.)

‘बाष्पपात्र’ मला पटत नाही, कारण ते दोघांनाही लागू पडतं. बॉयलर कायद्याच्या व्याख्येत खुबी आहे: भांडं दाबाखालचं हवं आणि त्यात तयार होणारी वाफ भांड्याबाहेर वापरायची असायला हवी. कुकरची वाफ आतच राबते. दाब साधारण दुप्पट झाला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि तूरडाळ मऊ होते. शिट्टीतून सुटते ती फक्त जास्तीची.

कुकरचा पूर्वज दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनला दाखवला, हाडंसुद्धा मऊ करणारा. नाव ठेवताना त्याने वाफ धरली नाही, पचन धरलं: ‘डायजेस्टर’.

आपल्याकडे भांड्याचं नाव परकंच राहिलं, क्रियापदं मात्र घरची आली. चहा ‘ठेवतात’, कुकर ‘लावतात’. ‘कुकर झाला’ म्हणजे वरणभात झाला. आणि आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरात आईचं ठरलेलं वाक्य: “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर, आणि वाफ जिरल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस.” यातलं ‘जिरणं’ बघा. जेवण जिरतं, पाणी जमिनीत जिरतं, तशी वाफ कुकरात जिरते. मूळ ‘जॄ’ धातू, अजीर्णातला. पापँने भांड्याच्या नावात घातलेलं पचन आईच्या क्रियापदात आहे.