विमानाच्या इंजिनात एकाच सिलिंडरचं टेम्परेचर जास्त दाखवतंय? आधी प्रोब बदलून बघ

अरे, इंजिन खोलायची घाई करू नकोस. ३ नंबर सिलिंडरचा प्रोब (तापमान मोजणारा सेन्सर) काढून १ नंबरला लाव आणि १ चा ३ ला, जास्तीचं रीडिंग प्रोबबरोबर सरकलं तर प्रोब गेलाय, आणि तिथंच राहिलं तर प्रोब निर्दोष, मग वायर, गेज नाहीतर खरंच ते सिलिंडर तापतंय. प्रोब उकळत्या पाण्यात बुडव, समुद्रसपाटीला १०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास दाखवायला हवं, उंचावर राहत असशील तर थोडं कमी.

वायरिंगकडे मात्र नीट बघ. हा प्रोब म्हणजे थर्मोकपल, दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, आणि त्याची वायर त्याच टाइपची लागते, टाइप J असेल तर J, टाइप K असेल तर K. मी एकदा काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) आत साधी तांब्याची वायर जोडली होती, जमिनीवर सगळं छान, आणि वर गेल्यावर इंजिन भरपूर तापलेलं असताना गेज बिनधास्त कमी दाखवत होतं, कारण तो जोडच गरम होत होता. कमी आकडा दिसला की आपण निवांत होतो ना, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

लाइट लावल्यावर काटा हलला तर अर्थिंग तपास.

हे सगळं ठीक निघालं तर बॅफल बघ, म्हणजे थंड हवा सिलिंडरवरून वळवणारे पत्रे. अंधारात काउलिंगच्या आत दिवा लाव, जिथून उजेड येतो तिथून हवाही पळते, माझ्याकडे रबराची सील मागच्या कोपऱ्यात आत दुमडलेली सापडली. आणि कारण सापडेपर्यंत उडू नकोस रे, प्लीज.