सदस्य व्हायच्या आधीच युरोपीय संघाचं परराष्ट्र धोरण का स्वीकारायचं?

प्रश्न: बेळगावात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. मॉन्टेनेग्रो, अल्बानिया अजून संघात नाहीत, तरी रशियावरच्या निर्बंधांत सामील का होतात?

उत्तर: कारण प्रवेशाच्या वाटाघाटींत 35 प्रकरणं असतात आणि 31 वं परराष्ट्र, सुरक्षा व संरक्षण धोरणाचं आहे. संघाच्या परिषदेनं (सदस्य देशांच्या मंत्र्यांची सभा) निर्बंध ठरवले की प्रवेशासाठी इच्छुक देशांना सामील व्हायचं आमंत्रण जातं. कोण सामील झालं ते उच्च प्रतिनिधी, म्हणजे संघाचे परराष्ट्र धोरण प्रमुख, निवेदनातून जाहीर करतात. निर्णय घेताना या देशांना मत नसतं. चिकोडी-निपाणीकडे साखर कारखान्याचा शेअर हातात येण्याआधीच कारखान्याच्या तोडणीच्या पाळीप्रमाणे चालावं, तसंच हे.

मग फायदा काय? प्रवेशाला प्रत्येक सदस्य देशाची संमती लागते, एकाचाही नकार पुरतो. सामील होणं म्हणजे त्या सगळ्यांना आधीच दिलेला भरवसा. छोट्या देशाला एकट्यानं रशियाचा रोष ओढवून घेण्यापेक्षा गटाबरोबर राहणं सोपंही जातं.

पण नुसतं नाव देऊन भागत नाही, आणि उत्तरपत्रिकेत नेमकं हेच सुटतं. खाती गोठवायला, प्रवेशबंदी लावायला देशात कायदा हवा, बँका आणि सीमेवरच्या अधिकाऱ्यांपर्यंत याद्या पोचायला हव्यात. नाहीतर निर्बंध कागदावरच राहतात.

उलट उदाहरण सर्बियाचं लिहा; तोही प्रवेशासाठी इच्छुक आहे. मार्च 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्यानं रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाला मत दिलं, पण निर्बंध लावले नाहीत. रशियन गॅसवरचं अवलंबित्व आणि कोसोवोच्या (सर्बियापासून वेगळा झालेला, पण सर्बिया मान्य करत नाही असा प्रदेश) प्रश्नावर सुरक्षा परिषदेत रशियाचा आधार, ही त्याची मुख्य कारणं.