सगळ्यांनी पाऊसच काढलाय, आता काय करू?

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्यातले सात जण, चौघं रंगवणारे, दोघं फोटो काढतात, एक मैत्रीण मातीकाम करते. शाळेच्या हॉलमध्ये ग्रुपचं प्रदर्शन करतोय आणि त्याला एकच शब्द ठरवलाय, 'ओल'. पण आत्तापर्यंत पाच जणांचं काम आलं आणि पाचही जणांनी पाऊस काढलाय! काही म्हणतात शब्द बदला, आमचे एक सर म्हणतात शब्दबिब्द ही फॅशन आहे, सरळ चित्रं लावा. आणि ऑगस्टमध्ये ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : शब्द अजिबात बदलू नका हो, इतका चांगला सापडलाय. पाऊस येऊन जातो, मागे राहते ती ओल, आणि ती आपल्याकडे कुठे नसते, जांभ्याच्या भिंतीत, कपाटातल्या साडीच्या घडीत, मिठाच्या बरणीत. जमिनीत ओल आहे म्हणून पेरतो आणि भिंतीला ओल आली की कपाळाला हात लावतो, शब्द तोच. ओला दुष्काळ म्हणणारे आपणच आणि अमक्याच्या बोलण्यात ओलावा आहे म्हणणारेही आपणच. तेव्हा एकदा सातही जण बसा आणि पावसाचं नाव न घेता प्रत्येकाने आपल्या घरातली ओल सांगा, नुसती सांगा, चित्राचं नंतर बघू.

मला विचाराल तर ओले काजूगर. मोसमात आमच्या आईची बोटं काळी पडलेली असायची, बी चिरली की चीक लागतो आणि तो कातडी भाजतो, म्हणून ती आधी हाताला राख चोळून घ्यायची तरी सालं निघायचीच, आणि हात पुसायचं जे फडकं असायचं त्यावरचे तपकिरी डाग कितीही धुवा, तसेच. असं एखादं फडकं कुणी भिंतीवर लावलं तर मी तिथून लवकर हलणार नाही.

सरांचं म्हणणं उडवून लावू नका मात्र. बॅनरवर एक शब्द छापायचा आणि खाली घरात पडलेली जुनी चित्रं टांगायची असं खूप ठिकाणी होतं, ते मलाही आवडत नाही. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे बघा, पान, घड्याळ असल्या रोजच्या वस्तू घ्यायचे पण कॅनव्हासवर त्या अशा यायच्या की आपण पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं. तुमच्या शब्दाचं तसं व्हायला हवं.

ऑगस्ट नको. कागद फुगतो, बुरशीचे ठिपके येतात, फोटो काचेला चिकटतात. केरळातलं मोठं कलाप्रदर्शन, कोची बिनाले, २०१२ मध्ये सुरू झालं ते १२ डिसेंबरला, तेही समुद्राकाठचंच, जुन्या गोदामांमधून भरतं. तुम्हीही डिसेंबर धरा आणि ऑगस्टमध्ये काम करा. एक कोरा कागद पडवीच्या भिंतीला लावून चतुर्थीपर्यंत तसाच सोडा, बुरशी त्यावर काय काढते ते बघा, फक्त नंतर नीट वाळवून काचेत बंद करा आणि दुसऱ्यांच्या चित्रांपासून लांब ठेवा. फोटोवाल्या दोघांनी बशीत मुठभर खडेमीठ ठेवून रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढावा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, काही दिवसांनी बशीत खडे कमी आणि पाणीच जास्त दिसेल.

टांगताना फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल, आणि काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

आणि ती पावसाची पाच चित्रं, त्यांना वाईट वाटू देऊ नका. त्यातलं एक दाराशी लावा, कुठलं ते त्या पाच जणांनीच मिळून ठरवू दे.